तिकडं कोणी असलं, तर त्यांना एकादशी कशी कळायची?

खोडदकर (धागालेखक)

यंदा विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी आमलकी एकादशी होती. सकाळी आईने बारस सोडली आणि म्हणाली, "चल, आज दाखव मला त्या छत्र्या आतून." आमचं गाव खोडदला लागूनच. जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहिल्या तेव्हापासून ती त्या शेताच्या बांधावरून बघत आलीय, पण कुंपणाच्या आत कधी गेली नव्हती. २८ फेब्रुवारीला तिथे जत्रेसारखी गर्दी असते. शाळांच्या गाड्या, गावोगावची माणसं, पोरांनी मांडलेले प्रयोग.

एक कॉलेजचा मुलगा माहिती देत होता. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि उरलेल्या तीन फाट्यांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन, पल्सार तारे यांच्या रेडिओलहरी त्या टिपतात. आई सगळं लक्ष देऊन ऐकत होती. माळकरी बाई, चाळीसेक वर्षं वारी केलेली. मग तिने त्याला विचारलं, "बाळा, तिकडं दुसऱ्या पृथ्वीवर कोणी असलं, तर त्यांना एकादस कशी कळायची?"

मुलगा हसला नाही. जरा थांबून म्हणाला, "आजी, त्यांना चंद्र किती आहेत त्यावर ठरेल."

घरी आल्यावर मी गणित मांडलं. तिथी म्हणजे पृथ्वीवरून बघताना चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे गेला त्याचा हिशेब. दर १२ अंशांना एक तिथी, म्हणजे १२० ते १३२ अंशांत शुक्ल एकादशी. मंगळाला दोन चंद्र. त्यातला फोबॉस साडेसात तासांच्या आसपास एक फेरी मारतो. त्याच्यावरून तिथी मोजली तर शुक्ल एकादशी जेमतेम पंधरा मिनिटांची, आणि मंगळाच्या एका दिवसात ती तीनदा येणार. डायमॉसवरून मोजली तर हिशेब पुन्हा वेगळा. शुक्राला चंद्रच नाही, तिथे तिथीच नाही.

आईला हे सांगितलं. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "मंजी एकादस आपल्या चंद्राची. मग इठ्ठलबी आपल्याच चंद्राचा का?"

या प्रश्नावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा.

आपल्याकडे याचं एक तयार उत्तर आहे आणि मीही ते बरीच वर्षं देत आलो. आपला देव अनंतकोटी ब्रह्मांडनायक. भागवताच्या दशम स्कंधात ब्रह्मदेव कृष्णाची स्तुती करताना म्हणतो, की खिडकीतून धूलिकण जावेत-यावेत तशी अगणित ब्रह्मांडं तुझ्या रोमरंध्रांतून येतात-जातात. तेव्हा परग्रहावर कोणी सापडलं तर अडचण ख्रिस्ती-मुसलमानांना, आपल्याला नाही.

आता मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. जगं कितीही असोत, आपल्या परंपरेने मोक्षाचं दार कुठे ठेवलंय ते बघा. विष्णुपुराण भारतवर्षाला कर्मभूमी म्हणतं, बाकीच्या भूमी भोगासाठी. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून फिरून नरदेह मिळतो आणि त्यातच सुटका. देवांनीसुद्धा इथे माणूस होऊन जन्मावं अशी इच्छा धरलेली आहे. म्हणजे विश्व अफाट मानलं, पण वेशीचा दरवाजा एकच आणि तो आपल्या गावात. परग्रहावरचा जीव विचार करतो, प्रेम करतो, मृत्यूला भितो, आणि तो माणूस नाही. तो आपल्या हिशेबात कुठे बसतो? त्याने आधी माणसाचा जन्म घ्यायचा का?

वेगवेगळ्या घरांतले लोक इथे लिहितात. आपापल्या घरात या प्रश्नाला काय उत्तर आहे, ते मनापासून लिहा. खंडनमंडनासाठी नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

निरीक्षक

धागा आवडला. पुढे जाण्याआधी जमीन कुठवर पक्की आहे ते नोंदवतो.

अजून कोणीही सापडलेलं नाही. बुद्धिमान सोडा, साधा जिवाणूही नाही. १९९५ मध्ये ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला, त्यासाठी मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आज असे ग्रह पाच हजारांच्या कितीतरी पुढे गेलेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या प्लवकांकडून येतो म्हणून मथळे झाले. पण संकेत तितका ठाम नव्हता, आणि तीच माहिती दुसऱ्या गटांनी तपासली तेव्हा त्यांना ती खूण पटण्यासारखी दिसली नाही.

रेडिओवरून शोध १९६० पासून चालू आहे. फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक इथून दोन जवळच्या ताऱ्यांकडे दुर्बीण लावली आणि हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झला ऐकलं. काही आलं नाही. तेव्हापासून जे ऐकून झालंय ते समुद्रातून काढलेल्या तांब्याभर पाण्याएवढं. म्हणून "कोणी नाही" असंही म्हणता येत नाही.

एवढं मान्य करून बोललो तर चर्चेला अर्थ आहे.

इतिहासवेडा

आपल्या ग्रंथांत विमानांची वर्णनं आहेत. पुष्पक विमान काय, दिव्य लोकांतून येणारे देव काय. ते परग्रहवासीच होते असं अनेक अभ्यासक म्हणतात. मग शोधायचं काय?

निरीक्षक

@इतिहासवेडा, विमानांचं 'शास्त्र' म्हणून ज्या ग्रंथाचा दाखला देतात, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली यानं उडण्याजोगी नाहीत असं त्यांनी लिहिलं. आणि दुसरं, देवांना परग्रहवासी ठरवलं की खोडदकरांच्या आईंचा प्रश्न सुटत नाही, फक्त एक घर पुढे सरकतो. त्या परग्रहवासीयांचा देव कोण?

वसईची_लेक

खोडदकरदादा, तुम्ही लिहिलंत की अडचण आमची. खरंच आहे, आणि आमच्याकडे ती लपवलेली नाही. सातशे वर्षं उघड वाद चालू आहे.

मी आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमध्ये, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, दुसऱ्या ग्रहावर लोक असतील तर येशू तिकडेपण मेला का?" मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. तो आठवडा मी वाचण्यात घालवला.

गाठ अशी आहे. आमच्या श्रद्धेत देव सगळीकडे आहे, पण त्याने देह घेतला तो एकदाच, एका गावात, एका आईच्या पोटी, माणसाचा. अख्ख्या तारणाची गोष्ट त्या एका देहावर उभी आहे. मग ज्यांच्यापर्यंत ती बातमी पोहोचूच शकत नाही, त्यांचं काय?

१२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी काही मतं निषिद्ध ठरवली. त्यातलं एक मत होतं की 'देव एकाहून अधिक जगं निर्माण करू शकत नाही.' म्हणजे अनेक जगं मानणं हा अपराध नव्हता, देवाला ते जमणार नाही असं म्हणणं हा अपराध होता! पंधराव्या शतकात क्युसाचे निकोलस यांनी इतर ताऱ्यांवर रहिवासी असतील असं १४४० मध्ये लिहिलं, आणि पुढे ते कार्डिनल झाले. त्याच शतकात विल्यम ऑफ वोरिलोन्ग या फ्रान्सिस्कन साधूने माझ्या विद्यार्थ्याचाच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर असं, की ख्रिस्ताचं इथलं मरण अनंत जगांना पुरेल, दुसऱ्या जगात जाऊन त्याने पुन्हा मरणं उचित नव्हे.

आता कोणी इटालियन तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रुनोचं नाव काढेल. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये त्यांना जिवंत जाळलं. अगणित जगांचं त्यांचं मत आरोपांत होतं, पण ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारल्याचे आरोपही होते. जाळणं ते जाळणंच. माझ्या चर्चच्या नावावरचा तो डाग मी पुसू बघत नाही. एवढंच सांगते की गोष्ट 'परग्रहवासी मानले म्हणून जाळलं' इतकी सरळ नाही.

सगळ्यात धारदार वाक्य धर्मसंस्थेवर टीका करणाऱ्या टॉमस पेन या लेखकाचं, १७९४ चं. अनेक जगं आणि ख्रिस्ती श्रद्धा एकाच मनात नांदू शकत नाहीत, ज्याला दोन्ही पटतात त्याने दोन्हींचा नीट विचार केलेला नाही, अशा अर्थाचं. हे वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. कारण त्याचं म्हणणं टाळता येत नाही. देव एकाच ग्रहावर मरायला आला, हे विचित्र. प्रत्येक ग्रहावर जाऊन मरतोय, हेही विचित्र.

मग मला संत थॉमस अक्वायनस सापडले. तेराव्या शतकात त्यांनी वेगळ्याच निमित्ताने विचारलं होतं, की देवाची एक व्यक्ती एकाहून अधिक मानवी देह धारण करू शकेल का? त्यांचं उत्तर: हो. देवाच्या सामर्थ्याला एका देहाने कुंपण पडत नाही. आजचे बरेच धर्मपंडित याच धाग्याला धरून पुढे जातात.

व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे हे इथल्या सगळ्यांना ठाऊक नसेल. तिचे तेव्हाचे संचालक, जेझुइट फादर होजे फुनेस, २००८ च्या मुलाखतीत म्हणाले की पृथ्वीवरच्या जिवांना आपण भाऊ-बहीण म्हणतो, तसं परग्रहावरच्यालाही भाऊ म्हणायला काय हरकत? ते पुढे म्हणाले, त्यांना कदाचित तारणाची गरजच नसेल, देवाशी त्यांची मैत्री कधी तुटलीच नसेल. आदिपाप, म्हणजे पहिल्या माणसापासून चालत आलेलं पाप, आमचं, त्यांचं नाही. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात म्हटलं, मंगळावरून कोणी आलं आणि बाप्तिस्मा मागितला तर आपण काय करणार? दार बंद करणारे आपण कोण, असा त्यांचा रोख होता.

रविवारी मी त्या मुलाला सांगितलं की तुझा प्रश्न साडेपाचशे वर्षं जुना आहे आणि मोठमोठ्या माणसांनी त्याची वेगवेगळी उत्तरं दिलीत. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हालापण माहीत नाही." मी म्हटलं, नाही.

दर्याकिनारी

ताई, फार मनापासून लिहिलंत.

मी रत्नागिरीकडचा. आम्ही रोज नमाजात जी पहिली सूरत म्हणतो, तिच्या सुरुवातीलाच 'रब्बिल आलमीन' आहे. आलमीन हे अनेकवचन. जगाचा नव्हे, जगांचा पालनकर्ता. बेचाळिसाव्या सूरतीत तर आकाशांत आणि पृथ्वीवर, दोन्हींत त्याने जीव पसरले असा उल्लेख आहे. आमच्या मौलवींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्याने बनवले असतील तर त्यांच्यापर्यंत मार्ग पोहोचवणं हेही त्याचंच काम.

पण मला जास्त भिडला तो आजींचा प्रश्न, एकादशीचा. तो आमच्याकडे प्रत्यक्षात येऊन गेलाय. २००७ च्या रमजानमध्ये मलेशियाचे शेख मुजफ्फर शुकोर अंतराळस्थानकावर गेले. तिथे दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो. नमाज किती आणि किबला, म्हणजे नमाजाला तोंड करायची काबाची दिशा, कुठे? मलेशियाच्या उलेमांनी आधी बसून नियमावली केली. वेळा ज्या ठिकाणाहून उड्डाण झालं तिथल्या धरायच्या. तोंड जमलं तर काबाकडे, नाही तर काबाच्या सरळ वरच्या आकाशाकडे, तेही नाही जमलं तर पृथ्वीकडे, आणि तेही नाही तर जिकडे असेल तिकडे.

या चार पायऱ्या वाचून माझे डोळे भरून आले होते. प्रत्येक पायरीला माणूस घरापासून लांब जातो आणि नमाज मात्र सुटत नाही.

खोडदकर

दर्याकिनारी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. शेवटच्या पायरीला ती म्हणाली, "बरोबर हाय. आजारी माणसाला पंढरीकडं तोंड करून पडता येतं का दर टायमाला?"

शेतीवाडी_मिरज

आमच्या घरातलं लिहितो. आम्ही दिगंबर जैन, पिढ्यान्‌पिढ्या ऊस आणि द्राक्षं करणारे. इथे थोडेच लोक आम्हाला ओळखत असतील, म्हणून सविस्तर.

आमच्या भूगोलात माणसं फक्त अढाई द्वीपात. जंबूद्वीप, धातकीखंड आणि पुष्कर द्वीपाचा अलीकडचा अर्धा भाग. मध्ये मानुषोत्तर पर्वत, त्यापलीकडे माणूस नाही. मोक्ष फक्त मनुष्यगतीतून. स्वर्गातल्या देवालाही आधी माणूस व्हावं लागतं. म्हणजे खोडदकरांनी सांगितलेला एकच दरवाजा आमच्याकडे तर आणखी पक्का आहे.

पण दुसरी बाजू ऐका. या अढाई द्वीपात आपलं भरतक्षेत्र हा एक छोटा तुकडा. विदेहक्षेत्रं वेगळी आहेत, आणि तिथे आज, या क्षणी, तीर्थंकर उपदेश करताहेत. इथे महावीरांनंतर या काळात कोणी तीर्थंकर होणार नाही, पण तिथे सीमंधर स्वामी आहेत. विद्यमान वीस तीर्थंकरांची पूजा आमच्याकडे नेहमी होते. माझी आजी रोज पहाटे अशा लोकांना वंदन करायची, जे दुसऱ्या भूमीवर आहेत, ज्यांना ती भेटू शकत नाही, ज्यांची भाषा तिला ठाऊक नाही. आणि तिला पक्कं माहीत होतं की खरा धर्म आत्ता तिकडे चालू आहे, आपल्याकडे फक्त त्याची आठवण आहे.

वसईच्या ताईंच्या चर्चेत 'आमची बातमी तिकडे कशी पोहोचेल' ही काळजी आहे. आमच्याकडे काळजी उलटी: तिकडची बातमी आपल्यापर्यंत कशी येईल.

शास्त्रातला नकाशा आणि दुर्बिणीतला नकाशा जुळत नाही, हे मला कळतं. मी कृषी पदवीधर आहे. आजीचं वंदन मात्र मला कुठल्याही नकाशापेक्षा खरं वाटतं.

वसईची_लेक

मिरजकर दादा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आजींच्या त्या वंदनाबद्दल वर्गात सांगू का?

शेतीवाडी_मिरज

जरूर सांगा.

धम्मपथिक_नागपूर

अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात बुद्ध आपला शिष्य आनंद याला लोकधातूंबद्दल, म्हणजे विश्वांबद्दल, सांगतात. हजार चंद्र, हजार सूर्य, हजार जंबुद्वीप असलेली एक सहस्री लोकधातू, अशा हजारांची दुसरी, तशा हजारांची तिसरी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत हजार सूर्य सहज मोजलेत.

तरी एक नियमही आहे: एका लोकधातूत एकाच वेळी दोन सम्यक संबुद्ध (पूर्ण ज्ञान मिळवलेले बुद्ध) होत नाहीत. मिलिंद राजाने याचं कारण विचारलं तेव्हा नागसेन भिक्षूंनी नावेचा दाखला दिला. एकालाच पेलणारी नाव दुसरा चढला की बुडेल. महायानात पुढे इतर बुद्धक्षेत्रं आली, त्यात त्या-त्या ठिकाणचे बुद्ध. म्हणजे 'दुसरीकडे दुसरा उपदेशक' ही कल्पना आमच्याकडे जुनीच.

पण मी ज्या धम्मात वाढलो तो १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचा. बाबासाहेबांनी धम्माच्या मध्यभागी माणूस ठेवला, आणि माणसाचं माणसाशी या पृथ्वीवरचं नातं. माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते. त्यांच्यासाठी परलोकाच्या गोष्टी म्हणजे शतकानुशतकं झालेली फसवणूक. त्यामुळे आजोबांना मी हा धागा दाखवला असता तर ते म्हणाले असते, आधी इथल्या माणसाला माणूस म्हणा, मग ताऱ्यांकडे बघा. बाण लागलेल्या माणसाने बाण कोणत्या लाकडाचा हे विचारत बसू नये, हा बुद्धांचाच दृष्टांत आहे.

मला मात्र वाटतं, हे दोन प्रश्न एकच आहेत.

ह.भ.प._काका

सगळं वाचतोय. वय ७४, टंकायला वेळ लागतो, म्हणून उशीर.

खोडदकर, तुम्ही नरदेहाचा अर्थ चुकीचा लावलात. संतांनी नरदेहाचं मोल सांगितलं ते ऐकणाऱ्या माणसाला जागं करायला. 'आता तरी उठ, वेळ जातोय' एवढंच त्यात आहे. इतरांना दाराबाहेर ठेवायला नाही. गजेंद्र कोण होता? हत्ती. सोंडेत कमळ धरून त्याने हाक मारली, त्याला माणूस होऊन परत ये असं कोणी सांगितलं नाही. जटायू कोण? गिधाड.

आणि तुम्ही जुन्नर तालुक्यातले, तुम्हाला आळं माहीत नाही? पैठणला ज्ञानोबा माऊलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आळ्यात आहे. तुमच्या तबकड्यांपासून फार लांब नाही. माळकरी तिथे माथा टेकतात. पसायदान नीट म्हणा. त्यात 'माणसां परस्परें' नाही, 'भूतां परस्परें' आहे. 'प्राणिजात' आहे. माऊलींनी मागताना कोणतीही योनी वगळली नाही.

खोडदकर

काका, आळं कसं विसरेन? लहानपणी आईच्या कडेवर बसून गेलोय. पण हा दुवा माझ्या डोक्यात आला नव्हता. तुमचं म्हणणं मान्य. नरदेहाबद्दल मी एकांगी लिहिलं.

मात्र एक सांगू का, रागावू नका. रेड्याला समाधी मिळाली. त्याच सुमाराला चोखोबा पंढरीत महाद्वाराबाहेर उभे होते. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर भिंत पडून ते गेले, आणि त्यांची समाधी आजही पायरीपाशी आहे. दलितांसाठी पंढरीचं मंदिर उघडायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींनी मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. सहाशे वर्षं. ग्रंथात 'भूतां' लिहिलेलं असताना.

म्हणून आपल्या ग्रंथांत परग्रहवासी बसतो का, या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तरी माझं समाधान होत नाही. ग्रंथात चोखोबाही बसत होते. धम्मपथिक म्हणाले की प्रश्न एकच आहे, तो असा.

ह.भ.प._काका

रागावलो नाही. १९४७ मध्ये माझे वडील विशीत होते. मंदिर सगळ्यांसाठी उघडलं तेव्हा आमच्या घरात सुतक पाळल्यासारखं वातावरण होतं, असं त्यांनी मला ते जाण्याच्या आधी सांगितलं. त्यांनाच त्याची लाज वाटत होती. मी कीर्तनात चोखोबांचे अभंग घेतो, ही गोष्ट मात्र कधी सांगितली नव्हती. आज इथे लिहिली.

निरीक्षक

काका, तुमच्या प्रतिसादापुढे माझं लिहिणं रुक्ष वाटेल, पण संदर्भ नोंदवतो. टेड पीटर्स या अमेरिकन धर्मअभ्यासकाने २००८ च्या सुमाराला तेराशेहून अधिक लोकांना विचारलं होतं, की परग्रहावर बुद्धिमान जीव सापडले तर तुमची श्रद्धा डळमळेल का? श्रद्धावंत मोठ्या संख्येने 'नाही' म्हणाले. धर्म कोसळेल असं जास्त करून न मानणाऱ्यांना वाटत होतं. मी न मानणारा. मीही तसंच समजत होतो. या धाग्याने माझं मत बदललं.

केरीची_माया

मी फोंड्याजवळच्या केरीची, सध्या न्यू जर्सीत. आपण सगळे 'तिकडून काही आलं तर' यावर बोलतोय. आपल्याकडून तिकडे आधीच काय गेलंय ते सांगते.

१९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं सुटली, दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. तीत भारतातलं एकच गाणं आहे. आमच्या गावच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. जेमतेम साडेतीन मिनिटांची. पहिलं व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ज्या कलावंतांच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळांत गायचं आणि देवळाबाहेर मान खाली घालायची, त्या समाजातल्या बाईचा आवाज आज मानवाने पाठवलेल्या सगळ्यात दूरच्या वस्तूवर आहे. प्रकाशालाही तिथे पोहोचायला तेवीस तासांहून जास्त लागतात. चोखोबांच्या पायरीबद्दल वाचताना मला हेच आठवत होतं.

आणि त्या तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यात मराठी आहे. पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार पाठवून शेवटी ती बाई म्हणते, "तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हा."

'ह्या जन्मी.' किती सहज म्हटलंय. म्हणजे आपण परग्रहावरच्यांना सांगून बसलोय की तुमचा हा एक जन्म आहे, आधीचेही असतील, पुढचेही असतील. त्यांना माणूस व्हायला सांगितलेलं नाही. जे आहात त्याच जन्मी धन्य व्हा असं म्हटलंय. त्या तबकडीवर पाठवलेलं सगळ्यात धार्मिक वाक्य कदाचित हेच असेल, आणि ते आपल्या भाषेत आहे.

खोडदकर

मायाताई, काल रात्री तो आवाज शोधून आईला ऐकवला. तीनदा लावायला लावला. "आपल्यासारखंच बोलती की," म्हणाली. मग विचारलं, कुणाच्या घरी कधी पोहोचणार हे? मी सांगितलं, पहिलं यान साधारण चाळीस हजार वर्षांनी एका ताऱ्याच्या दीडएक प्रकाशवर्ष जवळून जाईल, तेही कोणाच्या घरी नाही, नुसतं वाटेवरून.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, वारीत पण पुढच्या दिंडीतला माणूस आपल्याला कधी दिसत नाही, नुसता टाळ ऐकू येतो.

धम्मपथिक_नागपूर

आईंना माझा जय भीम सांगा.

वसईची_लेक

दादा, पुढच्या विज्ञान दिनाला आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची सहल खोडदला आणायचं ठरतंय. २१ मुलं, दोन शिक्षिका आणि फादर. तो प्रश्न विचारणारा मुलगा आतापासून मागे लागलाय. २८ फेब्रुवारीला पुढच्या वर्षी रविवार आहे, त्यामुळे शनिवारी संध्याकाळची मिस्सा करून रात्री निघू. नाश्त्याची सोय कुठे होईल?

खोडदकर

आमच्याच घरी. पोह्यांची नि मासवड्यांची दोन्हीची तयारी ठेवतो. मासवडीत मासा नसतो हे मुलांना आधी सांगून ठेवा. आईने पंचांग काढून बघितलंय, त्या दिवशी एकादशी नाही, ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्यामुळे ती तुमच्याबरोबर जेवेल. तबकड्या बघून झाल्या की आळ्याला जाऊ. काका, तुम्हीही या, रेड्याची गोष्ट मुलांना तुम्हीच सांगायची.

ह.भ.प._काका

येतो. नातवाला गाडी चालवायला सांगितलंय.